सेकंडहँड ट्विन रिव्हर्ब: एक स्पीकर फाटलाय, एकच बदलू की दोन्ही?

सहावी_तार, पुणे

नमस्कार मंडळी,

वसईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्या गिटारिस्टकडून फेंडर ट्विन रिव्हर्ब हा गिटारचा अँप घेतला, दोन बारा इंची स्पीकरवाला. सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलचा), मास्टर व्हॉल्यूमवाला, १०० वॅटचा. वरच्या बाजूला सिगारेटचे चटके, एका कोपऱ्याचं रेक्झिन उंदरानं कुरतडलेलं, व्हायब्रेटो बंद. पण रिव्हर्ब असा काही लागतो की बाकी सगळं माफ.

अडचण स्पीकरची आहे. व्हॉल्यूम ३ च्या वर नेला आणि खालची ई तार वाजवली की डावा स्पीकर फर्रर्र करतो. मागून टॉर्च मारून पाहिलं तर कोनाच्या कडेला बोटभर चीर आहे, आणि कोणीतरी ती फेव्हिकॉल लावून बुजवलेली. उजवा स्पीकर मूळचा वाटतच नाही. जाडजूड काळं मॅग्नेट, कंपनीचं नाव नाही, नुसतं '१२ इंच २०० वॅट' असं स्टिकर. मीटर लावला तर दोन्ही स्पीकर ४.२ ओहम दाखवतात.

आमचा चौघांचा बँड आहे. जुनी हिंदी-मराठी गाणी आणि अधूनमधून ब्लूज. माझी स्ट्रॅट, आवाज बहुतेक क्लीन, सोलोपुरतं एक ओव्हरड्राइव्ह पेडल. कॅफे, कॉलेजचे हॉल, गणपतीत मंडळाचे कार्यक्रम. राहतो कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जोडीला तीस हजारांपर्यंत खर्च करू शकतो.

एकच बदलू की दोन्ही? आणि कोणते? व्हिडिओ बघून बघून डोकं भणाणलंय. व्हिंटेज ३०, ग्रीनबॅक, जेन्सन, अल्निको, प्रत्येकाचं वेगळंच. बुधवार पेठेत एकानं सांगितलं, "बारा इंचीच ना? पीएचा (सभा-मंडपातल्या लाउडस्पीकरचा) टाका, जन्मात फुटणार नाही."

बेसूर_पण_खुश

डोळे झाकून व्हिंटेज ३० टाक. सगळे तेच टाकतात.

गिरगावचा_व्हॉल्व्हवाला

सगळे टाकतात म्हणून टाकायचं असतं तर हा प्रश्न विचारायची गरजच नव्हती.

सहावी_तार, आधी एक सांग. दोन्ही स्पीकर ४.२ कसे दाखवतील? तू वायर न काढता मीटर लावलायस. दोन्ही समांतर जोडलेले असतात, त्यामुळे याला लाव नाहीतर त्याला लाव, मीटरला दोघांचा मिळून एकच आकडा दिसतो. अँप बंद कर, स्पीकरचा प्लग मागच्या जॅकमधून काढ, मग एका स्पीकरच्या दोन्ही वायर सोडव आणि दोन्ही वेगवेगळे मोज. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो. १६ चा असेल तर १२-१३. कॉइलचा नुसता तारेचा रोध मीटर मोजतो, आवाजाच्या वेळचा इम्पिडन्स त्यापेक्षा जास्त असतो, म्हणून घाबरू नकोस.

दुसरं, फाटक्या स्पीकरच्या लोखंडी कडेवर किंवा मॅग्नेटच्या मागे छापलेला आकडा शोध. २२० पासून सुरू होत असेल तर जेन्सन, १३७ म्हणजे सीटीएस, ४६५ ऑक्सफर्ड, ३२८ युटा, ६७ असेल तर इमिनन्स. पुढचे आकडे वर्षाचे आणि आठवड्याचे. फेंडर त्या काळात मिळेल त्याचे स्पीकर लावायचे, एकाच सालच्या दोन ट्विनमध्ये वेगवेगळे निघतात. तो आकडा इथे लिही.

तिसरं, दोन्ही कोन हलक्या हातानं आत दाबून बघ. दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपच्या (कोनाच्या मधल्या गोल टोपीच्या) भोवती सारखी ठेवायची आणि सरळ आत ढकलायचं, तिरकं नाही. खर्र असा घासल्याचा आवाज आला तर कॉइल मॅग्नेटच्या गॅपमध्ये (फटीत) घासतेय. मग चीर चिकटवून काही उपयोग नाही.

आणि अँप अमेरिकेतला असेल तर तो १२० व्होल्टवर चालतो. मधला स्टेप-डाउन किती व्हीएचा आहे आणि त्यातून अर्थिंग पुढे जातं का, तेही बघ. ५०० व्हीएच्या खालचा असेल तर बदल. दोन पिनांचा असेल तर आजच बदल.

सहावी_तार

काका, हे घ्या.

फाटका: मीटरवर ६.४. कडेवर १३७ ७४१८ असं छापलंय. दाबला की एका बाजूला घासतो.
बिननावाचा: १२.६. दाबला की काहीच आवाज नाही, पण कोन दगडासारखा कडक आहे आणि कड रबरासारखी जाड.

स्टेप-डाउन १००० व्हीएचा आहे, तीन पिनांचा. वसईच्या काकांनी अँपबरोबरच दिला.

मडगांवकार

७४१८ म्हणजे १९७४ चा अठरावा आठवडा. अँपही त्याच सुमाराचा असणार. व्हॉल्यूमच्या पॉटवरही असाच आकडा असतो, सीटीएसचेच पॉट असायचे, तिथेही १३७ दिसेल. पण त्यासाठी चॅसिस उघडू नकोस. आत साडेचारशे व्होल्टच्या आसपास असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ टिकतात.

माझं मत हवं तर ईव्हीएम १२ एल. इलेक्ट्रो-व्हॉइसचा. २०० वॅट, काहीही झालं तरी फुटत नाही, आणि क्लीन आवाज असा की हॉटेलच्या हिरवळीवर शेवटच्या टेबलापर्यंत प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. गोव्यात दमट हवेत कोन मऊ पडतात, गॅपला गंज चढतो. माझा हा एकच स्पीकर आहे ज्यानं पावसाळ्यात कधी कुरकुर केली नाही.

सहावी_तार

वजन किती त्याचं?

मडगांवकार

आठ किलोच्या वर. एकाचं.

सहावी_तार

तिसरा मजला, दादा.

गिरगावचा_व्हॉल्व्हवाला

आता खरं चित्र दिसलं.

तुझा सीटीएस ८ ओहमचा आहे आणि तो बिननावाचा १६ चा. ट्विनला हवेत ४ ओहम, म्हणजे ८ चे दोन समांतर. तुझ्याकडे ८ आणि १६ समांतर आहेत, त्यांचा मिळून भार होतो ५.३. अँपला त्यानं काही होत नाही, फेंडरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर एवढा फरक पचवतो. पण दोघांत वॅट सारखे वाटले जात नाहीत. ज्याचा ओहम कमी, त्याच्याकडे जास्त. तुझ्या पन्नास वर्षांच्या सीटीएसकडे दोन तृतीयांश जातायत आणि त्या २०० वॅटच्या पैलवानाकडे उरलेले. १०० वॅटवर धरलं तर ६७ एकीकडे, ३३ दुसरीकडे. ज्यानं कोणी तो स्पीकर लावला त्यानं स्टिकरवरचे वॅट वाचले, ओहम बघितले नाहीत. म्हाताऱ्याला ओझं, तरण्याला आराम. चीर पडली यात नवल काय.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही बदल. एक जुना ठेवून दुसरा नवा आणायला माझी एरवी हरकत नसते, दोन वेगळे स्पीकर शेजारी छान लागू शकतात. पण त्यासाठी जुना ठणठणीत हवा. तुझा घासतोय आणि दुसरा गिटारचा स्पीकरच नाही.

पीएच्या स्पीकरबद्दल. बुधवार पेठेतल्या माणसाचं अर्धं बरोबर आहे, तो फुटणार नाही. पण गिटारचा स्पीकर मुद्दाम 'अपुरा' बनवलेला असतो. साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वर तो खाली पडतो, आणि तीच त्याची गंमत आहे. गिटारच्या पिकअपमधून आणि व्हॉल्व्हमधून वर जे कचकच निघतं ते तिथे गाळलं जातं. मधल्या पट्टीत त्याला स्वतःचा एक उंचवटा असतो, कोन पातळ कागदाचा असतो, कडही कागदाचीच, वळ्या पाडलेली. पीएचा कोन जाड, कड जाड, सगळं वजनदार. त्याला गिटारचा नाजूक झटका हलवतच नाही. आवाज येतो, पण मेलेला. बँजो पार्टीच्या गाडीवर तो राजा आहे, तिथेच राहू दे.

आता कोणता घ्यायचा. लोक आधी नावं घेतात, मग आवाजाचं वर्णन करतात, आणि आकडे शेवटी बघतात किंवा बघतच नाहीत. मी उलट जातो. ओहम, वॅट, सेन्सिटिव्हिटी, वजन. एवढं जुळलं की जे तीन-चार उरतात त्यातून कानानं निवडायचा.

ओहम ठरला: प्रत्येकी ८. वेबसाइटवर तोच स्पीकर ८ आणि १६ दोन्हींत मिळतो, ऑर्डर देताना नीट बघ. परत पाठवायची भानगड फार असते.

वॅट. १०० वॅट दोघांत म्हणजे प्रत्येकी ५०. पण हे क्लीन वाजवताना. अँप पूर्ण ओढून आवाज फाडला तर त्याहून बरेच जास्त बाहेर पडतात. म्हणून एका स्पीकरला ६० च्या खाली जाऊ नकोस, आणि अँप ओढणारा असशील तर ७५-१०० घे. यात ग्रीनबॅक तिथेच बाद. तो २५ वॅटचा, जोडी ५० ची. तुझ्या ट्विनला लावलास तर एखाद्या गणपतीत कॉइल जळून वास सुटेल. सेलेशन ब्लू तर १५ वॅटचा, तो व्हॉक्स एसी ३० साठी. तिथे दोन मिळून ३० होतात आणि अँपही ३० चा, हिशेब चोख.

यातच ते अल्निकोचं प्रकरणही संपवतो. अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांचं चुंबक. सत्तरच्या दशकाच्या शेवटी झाईरमध्ये गडबड झाली, कोबाल्टचे भाव चढले आणि बहुतेक कारखाने फेराइटच्या चुंबकावर गेले. अल्निको चांगला असतो, नाही म्हणत नाही, जोरात वाजवताना तो थोडा लवतो. पण १०० वॅट सोसणारी अल्निकोची जोडी तीस हजारांत येणार नाही. सोड.

आता सेन्सिटिव्हिटी. हिच्याबद्दल कोणी बोलत नाही आणि तुझ्या बाबतीत खरा फरक तीच पाडणार आहे. एक वॅट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती डेसिबल मिळतात, तो हा आकडा. गिटारच्या स्पीकरमध्ये तो साधारण ९६ पासून १०२ पर्यंत असतो. ३ डेसिबलचा फरक म्हणजे अँपची ताकद दुप्पट किंवा निम्मी. व्हिंटेज ३० आहे १०० चा. सेलेशनचा क्रीमबॅक जी१२एम-६५ आहे ९७ चा. म्हणजे व्हिंटेज ३० लावलेला ५० वॅटचा अँप आणि क्रीमबॅक लावलेला १०० वॅटचा अँप, कानाला सारखेच. इमिनन्सचा कॅनाबिस रेक्स १०२ चा, तो तुझ्या ट्विनला लावला तर कॅफेतला माणूस कॉफी सोडून पळेल.

तुझ्याकडे ताकद कमी नाही, जास्त आहे. ट्विनचा व्हॉल्यूम २ वरून ३ वर नेला की शेजारी उठतात, आणि व्हॉल्व्ह तर तेव्हा कुठे जागे होतात. तेव्हा कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेणं यात काही तोटा नाही, उलट नॉब वापरायला जागा मिळते.

बेसूर_पण_खुश, तुझा व्हिंटेज ३० वाईट नाही. वॅट ६०, जोडी १२० ची, चालून जाईल. पण त्याचा वरच्या-मधल्या पट्टीतला उंचवटा मागून बंद असलेल्या, चार बारा इंची स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये आणि डिस्टॉर्शनमध्ये शोभतो. स्ट्रॅटचा ब्रिज पिकअप, ट्विनचा उघडा मागचा भाग आणि वर तो ब्राइट स्विच, या तिघांवर व्हिंटेज ३० म्हणजे कानात सुई.

माझ्या यादीत तुझ्यासाठी उरतात दोनच. एक तो क्रीमबॅक जी१२एम-६५. जोडी १३० वॅट. वरची धार मऊ, मधला भाग भरलेला. दुसरा जेन्सन सी१२के. १०० वॅटचा, जोडी २०० ची, वॅटची चिंता मिटली. फेंडर स्वतः १९६५ च्या ट्विनच्या रीइश्यूमध्ये हाच लावतं, म्हणजे 'फेंडरसारखा' आवाज हवा असेल तर सरळ रस्ता. काच फुटल्यासारखा स्वच्छ वाजतो. आजचे जेन्सन इटलीत बनतात, जुने शिकागोचे. नावावर भाळून शिकागोचा आवाज शोधायला जाऊ नकोस.

सी१२एन बद्दल कोणी सांगेल. तो ५० वॅटचा, जोडी बरोब्बर १००. कागदावर जुळतं, मला एवढं काठावर आवडत नाही.

नेवार्क_ते_नाशिक

काका, यादीत निओडिमियम, म्हणजे हलक्या चुंबकाचा स्पीकर का नाही? तिसरा मजला म्हणतोय तो. ट्विन नुसता ६४ पाउंड, म्हणजे २९ किलो. सेलेशनचा निओ क्रीमबॅक १.९ किलो, ६० वॅट, ९८ डेसिबल. साधा व्हिंटेज ३० एकटाच ४.७ किलोचा. फरक बघा.

मी इथे न्यू जर्सीत माझ्या डिलक्स रिव्हर्बला निओ लावलाय. पार्किंगपासून स्टेजपर्यंत एका हातात उचलतो.

गिरगावचा_व्हॉल्व्हवाला

बरोबर आहे, ते राहिलं. निओ क्रीमबॅक यादीत घ्या. ६० ची जोडी १२० होते, पोराला पुरेल, तो अँप फाडत नाही. जेन्सनचा जेट टॉर्नेडोही आहे, निओच, १०० वॅट.

माझा अनुभव म्हणाल तर निओचा आवाज खालच्या बाजूला किंचित घट्ट, आटोपशीर वाटतो. काहींना तेच आवडतं. बासवाला असेल तर तो खूशच होईल. मला ट्विनमधून खालची तार थोडी ढिली, पसरलेली आवडते. वयाचा दोष असेल.

पण एक गोष्ट लक्षात घे सहावी_तार. निओनं तुझे दोन्ही मिळून पाच-सहा किलो वाचतील. २९ चे २३ होतील. जिन्यात तेवढ्यानं सुटका होत नाही, ट्विनचं खरं वजन आत ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. चाकं बसव आणि मित्राला वडापाव दे.

सहावी_तार

काका, एक शंका. एका व्हिडिओत पाहिलं की चारपैकी दोन ६एल६ (पॉवर व्हॉल्व्ह) काढून ठेवायच्या, म्हणजे अँप अर्धा होतो. मग आवाजाचा प्रश्नच मिटेल, नाही का? कोणताही स्पीकर चालेल?

गिरगावचा_व्हॉल्व्हवाला

काढता येतात. बाहेरच्या दोन किंवा आतल्या दोन, डावीकडच्या दोन नाही. प्रत्येक बाजूची एकएक राहायला हवी. पण ५० वॅट म्हणजे पुन्हा ३ च डेसिबल कमी. कानाला 'जरासं' वाटतं, अर्धं मुळीच वाटत नाही. कानाला अर्धं वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे १०० वॅटचे १० व्हावे लागतात. अँपवाल्यांनी वॅटचे आकडे छापून लोकांच्या डोक्यात भलतंच भरवलंय.

आणि दोन व्हॉल्व्ह काढलेस की ट्रान्सफॉर्मरला ४ ऐवजी ८ ओहमचा भार हवा असतो. म्हणजे एकच ८ चा स्पीकर जोडायचा, दुसऱ्याची वायर सोडायची. यात तुझं आत्ताचं काम होतं बघ: नवी जोडी येईपर्यंत एक नवा किंवा उसना ८ ओहमचा स्पीकर जोड, दोन व्हॉल्व्ह काढ, आणि आरामात सराव कर. स्पीकर मात्र ५० वॅट एकट्यानं घेणारा हवा. त्या १६ च्या पीएवर एकट्यावर चालवू नकोस.

व्हॉल्व्ह गार झाल्यावरच हात लाव.

मडगांवकार

स्टेजवर अजून एक. ट्विनच्या दोन्ही बाजूंना दुमडणारे पाय आहेत ना, ते वापर. अँप मागे कलतो आणि स्पीकर तुझ्या कानाकडे बघतो. बारा इंची स्पीकरचा वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. तू अँपच्या शेजारी उभा, तुझ्या गुडघ्याला ट्रेबल आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या कपाळावर सगळा झोत. तू ट्रेबल वाढवतोस, आजोबा उठून जातात. अर्ध्या लोकांचा 'स्पीकर कर्कश आहे' हा प्रश्न पाय वापरून सुटतो. फुकट.

आणि काका, ईव्हीएम तुम्ही सरळ बाजूला काढलात, वाईट वाटलं.

गिरगावचा_व्हॉल्व्हवाला

ईव्हीएमला नमस्कारच आहे. पण तो त्याच्या तिसऱ्या मजल्यावर तुम्ही नेऊन द्या.

सहावी_तार

ठरलं. क्रीमबॅक जी१२एम-६५, ८ ओहम, दोन. भावोजी डिसेंबरात न्यू जर्सीतल्या एडिसनहून येतायत, दोन आणतो म्हणाले. नेवार्क_ते_नाशिक, तिथून घ्यायला काही हरकत? वापरलेले स्वस्तात दिसतायत.

नेवार्क_ते_नाशिक

नवे असतील तर प्रश्न नाही. चेक-इनच्या २३ किलोत दोन सहज बसतात. मूळ खोक्यातच राहू द्या, आणि कोनाच्या बाजूला खोक्याच्या आत प्लायवूडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा गोल ठेवायला सांगा. वरून कोणी दुसरी बॅग आदळली तर कोनात टोक घुसतं.

वापरलेले घेणार असाल तर भावोजींना मीटर घेऊन पाठवा, ते नाही म्हणतील. दाबून बघायचा, ६-७ ओहम बघायचे, कोनाच्या कडेला आणि डस्ट कॅपभोवती नव्या गोंदाची चकचकीत रेघ दिसली तर रीकोन केलेला, म्हणजे कोन बदललेला समजायचा. रीकोन वाईट नसतो, पण मूळच्या किटनं केलाय की कसल्यातरी कोननं, हे समजत नाही. हप्त्याला दोन कॉफ्या कमी प्या आणि नवा घ्या.

गिरगावचा_व्हॉल्व्हवाला

नवाच आण.

बसवताना काय करायचं ते लिहून ठेवतो, नाहीतर पुन्हा हाक मारशील.

अँप पालथा घाल, म्हणजे पुढची जाळी खाली, मऊ गादीवर. रात्रभर प्लग काढून ठेवलेला असू दे. मागच्या पट्ट्या काढ. जुन्या स्पीकरचे नट गंजलेले असतील, त्यावर जोर लावताना पाना निसटतो आणि थेट कोनातून आरपार जातो. जुन्याचं नुकसान सोड, नव्याच्या वेळी तसं झालं तर रडशील. म्हणून नवा बसवताना कोनावर पुठ्ठ्याचा गोल कापून ठेव. स्पीकर जमिनीवर ठेवायचा असेल तर आधी फरशी पूस. मॅग्नेट लोखंडाचा कीस ओढतं आणि एक कण गॅपमध्ये गेला की आयुष्यभर खर्र खर्र.

नट समोरासमोरचे आवळ, एक इकडचा, एक तिकडचा, थोडे थोडे. सत्तरच्या दशकातल्या ट्विनचा पुढचा बोर्ड बहुधा भुशाचा असतो, आणि स्पीकरची चौकट पत्र्याची. एका बाजूनं करकचून आवळलास तर चौकट पिळली जाते आणि कॉइल घासायला लागते. हाताला घट्ट लागला की अर्धा फेरा आणखी, बस.

पोलॅरिटी. दोन्ही एकाच कंपनीचे आहेत, तरी तपास. साधा दीड व्होल्टचा सेल घे, प्लस लाल टर्मिनलला, मायनस दुसऱ्याला क्षणभर टेकव. कोन बाहेर यायला हवा. दोन्ही बाहेर येतात ना, मग प्लसला प्लस, मायनसला मायनस. एक उलटा लागला तर एक बाहेर ढकलतो आणि दुसरा आत ओढतो, खालचा सगळा आवाज गायब. लोक म्हणतात नवा स्पीकर पातळ वाजतो. जुन्या जेबीएलमध्ये हे उलटं असतं, प्लसला कोन आत जातो, पण तो तुझा प्रश्न नाही.

प्लग मागे 'स्पीकर' लिहिलेल्या जॅकमध्ये घाल, शेजारच्या 'एक्स्टर्नल'मध्ये नाही. फेंडरचा मुख्य जॅक रिकामा असला की आतून शॉर्ट होतो. नुसत्या एक्स्टर्नलला लावलास तर आवाज येणार नाही आणि तू दोन तास व्हॉल्व्ह बदलत बसशील. स्पीकर न लावता अँप कधीही चालू करायचा नाही. हे फेंडर थोडा वेळ सहन करतं, दुसऱ्या कोणाचा ट्रान्सफॉर्मर जळून जातो.

पहिले काही आठवडे आवाज आवळलेला लागेल. कागदाला हलायची सवय होऊ दे. वाजवत राहा, ट्रेबल कमी कर, लगेच विकायला काढू नकोस.

सहावी_तार

काका, मनापासून आभार. त्या सीटीएसचं काय करू? लॅमिंग्टन रोडला रीकोन करून मिळेल का?

गिरगावचा_व्हॉल्व्हवाला

मिळेल, पण तिथे जो कोन बसतो तो बहुतेक वेळा पीएचा असतो. फ्रेम आणि मॅग्नेट १९७४ चं, आत भलताच कोन, मग त्याला सीटीएस कशाला म्हणायचं? जेबीएल असता तर मूळ किट मागवून कर म्हटलं असतं. हा तसाच ठेव, खोक्यात घालून. उद्या अँप विकलास तर घेणारा विचारतो, मूळचा कुठाय म्हणून. १६ ओहमचा तो पीए कोणाला तरी देऊन टाक, फक्त ओहम सांगून दे.

नवा_पक्षी, कोल्हापूर

मध्येच विचारतो. माझ्याकडे फेंडर ब्लूज ज्युनिअर आहे, १५ वॅट, एक बारा इंची. ड्रम लागला की माझा आवाज बुडतो. मलाही क्रीमबॅकच घ्यायचा का?

गिरगावचा_व्हॉल्व्हवाला

नाही. तुझं उलट. तुझ्याकडे वॅट कमी आहेत, म्हणून सेन्सिटिव्हिटी जास्त असलेला घे. १०० किंवा त्याच्या वरचा, ८ ओहम. वॅट २५-३० चा असला तरी भागतं. वर ज्याला मी नाही म्हटलं तो कॅनाबिस रेक्स तुझ्याकडे चालेल, १०२ चा आहे, वरून मऊ. ऑर्डर देण्याआधी मॅग्नेटची खोली कागदावर बघ आणि आत पट्टी लावून मोज. त्या छोट्या पेटीत मोठं मॅग्नेट व्हॉल्व्हला टेकतं.

बाकीचं वेगळा धागा काढून विचार. इथे सहावी_तारला डिसेंबरात पुन्हा यायचंय.